चारचौघांत बीपी वाढतं म्हणून गटच सोडला

"तिथं गेलं की बीपी वाढतं, घरी बरं असतं. मग जायचंच कशाला?" ज्येष्ठ मंडळी एकत्र जमून स्वयंसेवकांकडून रक्तदाब मोजून घेतात, व्यायामही करतात, अशा रक्तदाब गटाबद्दल ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. सत्तरी ओलांडलेल्या एका काकांनी तर याच कारणाने गट सोडला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्यांची मुलगी त्यांना घेऊन आली. तिच्या मते बाबा हट्टी.

मला हट्ट दिसला नाही. गटात मोजणारी स्वयंसेविका आकडा मोठ्याने सांगायची, दुसरी वहीत लिहायची. काकांचा १६४ ऐकून मागून कुणीतरी म्हणालं, "बापरे, सांभाळा हो!" जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस, चारचौघांत नापास झाल्यासारखं वाटलं त्यांना. पुढच्या खेपेला दंडाला पट्टा गुंडाळतानाच छाती धडधडू लागली.

मोजण्याआधी काय काय होतं, ते मी खोदून विचारलं. जिना चढून यायचं, रांगेत उभं राहायचं, खुर्चीत टेकताच पट्टा, तोही स्वेटरच्या बाहीवरून. तोंडाने गप्पा चालूच. लघवीला लागलेली, पण नंबर जाईल म्हणून दाबून धरलेली! यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा चढतो. मोजण्याची बरोबर पद्धत अशी: आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीत. मिनिटभराने पुन्हा मोजायचं. काकांना विचारून मी संयोजिकेशी बोलले. आता आकडा ज्याच्या त्याच्या कार्डावर लिहितात, वाचून दाखवत नाहीत.

पण सगळा दोष भीतीचा नव्हता. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं, तर सरासरी १४८/८४ निघाली. घरच्या मोजणीत सरासरीचा वरचा आकडा १३५ किंवा खालचा ८५, किंवा त्याहून जास्त आला, तर रक्तदाब वाढलेलाच धरतात. 'घरी बरं असतं' हे काकांनी कधी मोजून पाहिलंच नव्हतं. काही त्रास होत नाही म्हणजे बरं. रक्तदाब बहुतेकदा त्रास देतच नाही, तिथेच फसगत होते. डॉक्टरांकडे गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली: गुडघ्यांसाठी ते रोज वेदनाशामक घेत होते. त्यातल्या काही गोळ्यांनीही रक्तदाब वाढतो. डॉक्टरांनी उभं करूनही मोजलं, कारण या वयात उठताना दाब एकदम उतरून तोल जाऊ शकतो.

"मग स्वयंसेवकांनी मोजून काय साधतं?" काकांचा प्रश्न रास्त होता. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ३९ मध्यम वस्तीच्या गावांपैकी २० गावांत असा कार्यक्रम राबवला. औषध दुकानांत स्वयंसेवक ६५ च्या पुढच्यांना रक्तदाब मोजायला मदत करत आणि आकडे त्यांच्या डॉक्टरांकडे जात. २०११ मध्ये निष्कर्ष आले: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हार्ट फेल्युअर यांसाठी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण इतर गावांच्या तुलनेत ९ टक्क्यांनी घटलं. माझ्या मते खरी मेख आकडा डॉक्टरांपर्यंत पोहोचण्यात आहे. नुसतं मोजून वहीत ठेवणारा गट असेल, तर आधी तेवढं विचारून घ्या.

मुलीची धास्ती वेगळीच: "एखाद्या दिवशी १८० आला तर?" १८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर वाट न बघता रुग्णालय गाठा. त्रास नसेल तर पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नका.

काका आता गटात जातात. व्यायामाची वेळ झाली की मात्र निघून येतात.