जेलीफिश चावते, डसते की लागते?

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींचा प्रश्न आहे. नातू पावसाळ्यात जुहूला गेला होता, वाळूवरचा निळा फुगा बघायला वाकला आणि त्याचा धागा घोट्याला चिकटला. लाल टिपक्यांची माळ उठली. घरी येऊन म्हणाला, "आजी, जेलीफिश मला करडली." वहिनी विचारतात, हे तर गुजराती झालं; मराठीत चावली म्हणायचं की डसली? आणि त्या धाग्यांना काय म्हणतात?

'करडवुं'ला मराठी प्रत्यय लावणं बडोद्याच्या घरांत रोजचंच, त्याचं मला वावडं नाही. 'चावली'ही दात नाहीत म्हणून चूक ठरत नाही, कारण नांगी मारणारा विंचूही मराठीत चावतोच. 'डसणे' दंशावरून आलं, ते सापाला शोभतं. पण दोन्ही क्रियापदांत समोरचा प्राणी आपल्यावर चालून येतो. इथे तसं काही होत नाही. धाग्यावर हजारो दंशपेशी असतात आणि प्रत्येकीत गुंडाळून ठेवलेली विषारी दोरी. कातडीचा स्पर्श झाला की ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागांतच उसळून आत घुसते. त्यासाठी मेंदूची गरज नाही. जेलीफिशला तो नसतोच. प्राणी मेलेला असो, धागा तुटून पडलेला असो, काम तेच. (जुहूचा निळा फुगा काटेकोरपणे जेलीफिश नव्हे, तिचा नातलग; दंशपेशी मात्र त्याच जातीच्या.)

आपल्याकडे असंच वागते ती खाजकुइली. शेंगेवरची लव अंगाला टेकली की झालं. तिला कोणी 'चावली' म्हणत नाही, 'खाजकुइली लागली' म्हणतात. आणि या प्राण्यांच्या संघाचं निडारिया हे नावही खाजऱ्या झाडाच्या ग्रीक नावावरून, 'निडे'वरून आलं आहे! म्हणून माझं मत 'लागली'ला.

आता धागे. शाळेच्या पुस्तकात 'शुंडक' आहे, म्हणजे शुंडेचं, सोंडेचं लहान रूप. विश्वकोशात 'संस्पर्शक' भेटतो, आणि तो इंग्रजी 'टेंटॅकल' या शब्दामागच्या लॅटिन मुळाला, म्हणजे चाचपण्याला, जवळचा आहे. सोंड घास तोंडाशी नेते. जेलीफिशमध्ये छत्रीच्या कडेचे धागे भक्ष्य धरून लुळं करतात. ते तोंडाशी न्यायला बऱ्याच जातींत तोंडाभोवती वेगळे, जाडसर मुखबाहू असतात. सोंडेची उपमा खरं तर त्यांना जास्त जुळते. तरी मुलं 'शुंडक' शिकतात, उच्चारायलाही सोपा आहे, तोच ठेवावा. एक शुंडक, अनेक शुंडकं. ऑक्टोपसच्या आठांना मात्र भुजा म्हणा; प्राणिशास्त्रातही हा भेद पाळतात.

तेव्हा वहिनी, नातवाला सांगा: "घोट्याला शुंडक लागलं."