गप्पीच्या अंडाशयातली जनुकं: सुरुवात कुठून करायची

गप्पी या पिल्लं देणाऱ्या छोट्या माशाच्या अंडाशयात गर्भारपणात कोणती जनुकं किती चालतात हे मोजायचंय म्हणालात, विषय छान निवडलात. जनुकांची यादी करण्याची घाई मात्र नको, आधी मादी नीट ओळखा. गप्पीत अंडाशय एकच असतो आणि गर्भ त्याच्या पुटकातच (अंड्याभोवतीच्या पिशवीतच) वाढतात, वेगळं गर्भाशय नसतं. त्यामुळे अख्खा अंडाशय वाटून बारीक केला की आईचा आणि पिल्लांचा आरएनए (चालू जनुकाची प्रत, तीच मोजायची असते) एकत्र होतो. नवख्यांची सर्वांत मोठी चूक हीच. बर्फावर ठेवलेल्या ताटलीत, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने पुटकं उघडा, गर्भ बाजूला काढा, ऊती थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) धुवा. गर्भाच्या डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात का, बलक किती उरलाय, हे प्रत्येक नमुन्यासोबत लिहा. अवस्था जुळल्या नाहीत तर तुलनेला अर्थ उरत नाही.

आणखी काही चुका:

- नराजवळून काढलेली मादी 'कोरी' (कधीच समागम न झालेली) समजणं. ती शुक्राणू महिनोन्महिने साठवते. कोरी मादी हवी तर नर पिल्लांचा गुदपर (पोटाखालचा मागचा पर, जो पुढे समागमाचा अवयव होतो) बदलण्याआधीच पिल्लं वेगळी करा.
- एकाच माशाच्या तीन नळ्यांना तीन नमुने म्हणणं. मासे वेगळे हवेत, पाच-सहा असले तर उत्तम.
- ऊती जाड ठेवणं. तुकडा अर्ध्या सेंटीमीटरहून पातळ हवा, आरएनए टिकवणारं द्रावण त्याच्या किमान पाचपट.
- बीटा-अ‍ॅक्टिन (इतर जनुकांची मोजणी ज्याच्याशी ताडून पाहतात ते जनुक) स्थिर असेलच असं धरून चालणं. गर्भारपणात ते तपासूनच वापरा.

सुरुवातीला व्हायटेलोजेनिन (बलक ज्यापासून बनतो ते प्रथिन) आणि इस्ट्रोजेन ग्राहक (इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकाला बांधणारं प्रथिन) यांच्या जनुकांवरच हात बसवा. व्हायटेलोजेनिन मुख्यतः यकृतात बनतं, म्हणून यकृताचा तुकडाही जपून ठेवा.