शीटच्या बाहेरची नदी

सांगली

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आईबरोबर ऑफिसात आलीस तेव्हा साइटवर स्लॅब चालू होता आणि माझा फोन थांबत नव्हता. ‘कुठलं मायनर घेऊ?’ या तुझ्या प्रश्नावर मी ‘बघू, विचार करून सांगतो’ एवढंच म्हणालो. आईला वाटलं असणार, काकांनी टोलवलं. तसं नव्हतं. असल्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या दिलं की हटकून चुकतं, म्हणून आज शांत बसून लिहितोय.

सिव्हिलचं पहिलं वर्ष संपलं, तिसऱ्या सेमिस्टरपासून मायनर, म्हणजे मुख्य शाखेच्या जोडीचा दुसरा छोटा विषय, घ्यायचं आहे, वर्गातली निम्मी मुलं डेटा सायन्सकडे चाललीत आणि तुझं मन आर्किटेक्चर, इंटेरियर, प्लॅनिंग (म्हणजे नगररचना), लँडस्केप या चार शब्दांत अडकलंय. बरोबर ना?

आधी कडू घोट. आर्किटेक्चरचं मायनर करून तू आर्किटेक्ट होणार नाहीस. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार तो शब्द नावापुढे लावायचा तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते, आणि आज त्या नोंदणीचा रस्ता पाच वर्षांच्या बी.आर्क.मधून जातो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा कायदा नाव वापरायला बंदी घालतो, डिझाइनचं काम करायला नाही. आपल्याकडे काही लोकांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला आणि बोर्ड रंगवून घेतले. तू त्या वाटेला जाऊ नकोस. सिव्हिल इंजिनिअर हे काही कमी नाव नाही.

आता मायनरचा जीव केवढा ते बघू. इंजिनिअरिंगला आपल्याकडे हे १४ क्रेडिटचं असतं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रॅक्टिकलचं तीस. सगळी थिअरीच घेतलीस तर दोनशे दहा तास झाले. मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षात तेवढे तास नुसत्या रेषा ओढण्यात घालवले होते, आणि तरी सरांना त्या रेषा पटत नव्हत्या! तेव्हा यातून ‘डिझाइन येईल’ ही आशा सोड. एखादी गोष्ट कुठून बघायची, एवढं मात्र नक्की बदलू शकतं. अट एकच, त्या चौदांत थोडा तरी स्टुडिओ असला पाहिजे.

स्टुडिओ म्हणजे काय, ते सिव्हिलच्या मुलांना बाहेरून कळत नाही. तुमच्या गणिताला शेवटी एक उत्तर असतं. स्टुडिओत तुझी शीट भिंतीला लावतात, चार माणसं समोर बसतात आणि ‘हे असंच का?’ एवढं विचारत राहतात. माझ्याकडे इंटर्नशिपला आलेल्या एका सिव्हिलच्या मुलानं जिना काढून आणला. पायरीची उंची, रुंदी, डोक्यावरची मोकळी जागा, सगळं मापात. मी म्हटलं, घरातली आजी एका हातात कळशी घेऊन चढतेय, त्या वळणावर तिचा दुसरा हात कुठं टेकेल? पोरगा चिडला. संध्याकाळी परत आला तो कठडा बदलूनच. हे व्याख्यान ऐकून येत नाही. म्हणून कॉलेजच्या यादीतल्या नावावर जाऊ नकोस. ‘स्मार्ट’, ‘सस्टेनेबल’ ही विशेषणं हल्ली कुठंही चिकटवतात. सिलॅबस माग, आणि त्यात ड्रॉइंग, साइट व्हिजिट, ज्यूरी (म्हणजे शीट भिंतीला लावून होणारी ती विचारपूस) यांना किती तास दिलेत ते मोज. शिकवणारा माणूस बी.आर्क. किंवा प्लॅनिंग झालेला आहे की ज्याच्याकडे तास रिकामे होते त्याच्या गळ्यात विषय पडलाय, तेही सीनियर मुलींना विचार. त्या खरं सांगतात.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे पुढचं म्हणणं कळेल. नव्वदच्या दशकात मी सांगलीतच एक बंगला केला. तेव्हा फार खूश होतो त्याच्यावर. मीटर बोर्ड पायरीच्या बाजूला, देवघर आणि धान्याची खोली तळमजल्यावर, प्लायवूडची भिंतभर कपाटं. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं आणि कपाटं फुगून पुस्तकासारखी उलगडली. चिखल निघाल्यावर मालकांनी जुनी ड्रॉइंगं काढली. साइट प्लॅनवर उत्तर दिशेचा बाण होता, शेजाऱ्याचं कंपाउंड होतं, दोन नारळसुद्धा होते. ‘यात नदी कुठंय?’ त्यांनी विचारलं. नदी शीटच्या बाहेर होती. मी शीट प्लॉटच्या हद्दीपाशी संपवली होती.

त्यानंतर मी पूररेषा शिकायला बसलो. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी. एवढी साधी गोष्ट, आणि मला कळली चाळिशीत. पुढे २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. शंभर वर्षांचा हिशोबही किती धरायचा, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

आता तुझ्याबद्दल. रविवारी माझ्या टेबलावरची मॉडेलं तू दोन मिनिटं बघितलीस. मासिकं चाळलीसुद्धा नाहीस. पण हरिपूरला आजीच्या भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ आणि हळदीची पेवं, यावर बोलायला लागलीस ती मी फोनवर असतानाही थांबली नाहीस. अरुंद तोंडाचा आणि मोठ्या पोटाचा तो खड्डा, घट्ट मातीमुळे न ढासळणारा, ज्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. एवढं चांगलं गोदाम कुणा आर्किटेक्टनं काढलेलं नाही. आणि २००५ च्या त्याच पुरानं त्यातली कितीतरी निकामी केली. तू विचारलंस, ‘मग आता ती पुन्हा करायची तर कुठं?’ बाळ, हा आर्किटेक्चरचा प्रश्न कमी आणि जमीन, माती, पाणी यांचा जास्त आहे.

म्हणून माझं मत प्लॅनिंग किंवा लँडस्केपच्या बाजूनं. लँडस्केप म्हटलं की आईला लॉन आणि कारंजं दिसेल, तिला समजावून सांग. उतार कुठं, पाणी कुठं मुरतं, कुठं तुंबतं, कुठलं झाड काठ धरून ठेवतं, हा त्याचा गाभा. तुझ्या हायड्रॉलिक्सला आणि सर्व्हेईंगला तिथं काम मिळेल. प्लॅनिंगचा आणखी एक व्यवहारी फायदा म्हणजे सिव्हिलच्या पदवीवर आणि गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर पुढे एम.प्लॅन., म्हणजे प्लॅनिंगची पदव्युत्तर पदवी, करता येतं. आपल्याकडे एम.आर्क.ला मात्र सहसा बी.आर्क. मागतात.

इंटेरियर वाईट नाही. सांगली-मिरजेत काम भरपूर आहे, पण ते एखाद्या चांगल्या सुताराच्या मागं दोन सुट्ट्या फिरून जास्त येईल. प्रॉडक्ट डिझाइन आवडत असेल तर सीड (CEED) या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, त्यासाठी आत्ता मायनर खर्चायची गरज नाही. जुन्या इमारतींचं जतन हा विषय मला स्वतःला फार जवळचा. सातारला गेलीस तर लिंबची बारामोटेची विहीर बघच. शके १६४१ ते १६४६ मध्ये वीरूबाई भोसल्यांनी बांधवलेली. अष्टकोनी विहीर, वर बारा मोटांची सोय आणि मधल्या भागावर चक्क छोटा महाल. ते सिंचन म्हणायचं, वास्तुकला म्हणायचं की स्ट्रक्चर, हे त्या वेळी कुणी विचारलं नसावं. पण जतनाचं मायनर यादीत असायची शक्यता कमी.

यादीत प्लॅनिंगही नसेल तर स्वयम-एनपीटेल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर बघ. आठ आठवड्यांच्या कोर्सला दोन आणि बारा आठवड्यांच्या कोर्सला तीन क्रेडिट धरतात. मात्र कोर्स सुरू करण्याआधी विभागप्रमुखांकडून ‘हे क्रेडिट मायनरमध्ये धरू’ असं लेखी घे. तोंडी होकार निकालाच्या वेळी कुणाला आठवत नाही. आणि आणखी अठरा-वीस क्रेडिटचं दुसरं मायनर घ्यायचा मोह होईल, तो टाळ. तेवढ्या वेळात झोप पूर्ण कर.

फॉर्म भरण्याआधी एक काम. हरिपूरला जा, टेप आणि वही घेऊन. संगमापाशी पाण्याच्या कडेपासून आजीच्या ओट्यापर्यंत एक सेक्शन, म्हणजे जमिनीचा उभा छेद, काढ. पावलांनी मोजलंस तरी चालेल. घाट, रस्ता, गटार, जोतं आणि भिंतीवरची ती रेघ, सगळं एका कागदावर. वाकडं आलं तरी खोडू नकोस. ते काढताना कंटाळा आला तर बिनधास्त डेटा सायन्स घे, मी रागावणार नाही.

पुढच्या रविवारी सिलॅबस आणि तो कागद घेऊन ये. आईला सांग, त्या दिवशीचा चहा राहिलाय. स्लॅब नीट झाला.

तुझा,
काका