‘कळलं का?’ विचारलं की सगळ्या ‘हो’च म्हणतात

“मॅडम, मी घसा फोडून सांगते. त्या माना डोलावतात आणि तिसऱ्या दिवशी बेड रिकामा. माझं चुकतंय, की या बायकांना सांगून उपयोगच नाही?”

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बऱ्याच सिस्टर येतात. ही सांगलीकडची, विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात नवजात बाळांच्या वॉर्डात. तिथं मेळघाटातल्या, धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू आदिवासी बाळंतिणी पुष्कळ. आदल्या रात्री त्यांतली एक, एक किलो सातशेचं बाळ पदराखाली घेऊन निघून गेली होती. रजिस्टरवर ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता गेली, असं हिनंच लिहिलं आणि वरून इन्चार्जची बोलणीही खाल्ली.

म्हटलं, तू तिला काय सांगितलंस ते जसंच्या तसं म्हण. तिनं एका दमात म्हटलं, “बाळाला उघडं ठेवू नका, कांगारू द्या, दोन-दोन तासांनी पाजा, कळलं का?”

आता बघा. कोरकू ही संथाळी-मुंडारीच्या कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्यात बाळाला उघडं ठेवू नका म्हणायचं आणि लगेच ‘कांगारू’, म्हणजे कपडे काढून उघड्या छातीशी धरा, म्हणायचं! मला मराठीतही ते चटकन उमगलं नाही. शिवाय पडदा नाही, पुरुष ये-जा करणारे. ती बाई ‘हो’ म्हणाली, कारण सिस्टरला ‘नाही’ कसं म्हणायचं?

“तिच्यासोबत कोण होतं?”

“सासू. पण नातेवाईकांना आत सोडत नाही आम्ही.”

म्हणजे जिच्या शब्दावर घर चालतं ती दाराबाहेर बसलेली.

मग खरी गोष्ट निघाली. महिन्यापूर्वी एका बाळाच्या पोटावर तिनं डंब्याचे, म्हणजे तापल्या सळईच्या चटक्यांचे, डाग पाहिले होते आणि भर वॉर्डात आईवर ओरडली होती. तेव्हापासून तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. सांगताना ती रडली. डंब्याला मी परंपरा-बिरंपरा म्हणून सांभाळून घेणार नाही. तान्ह्या बाळाला भाजणं ते भाजणंच. पण जिला चारचौघांत झापलं ती पुढच्या वेळी डाग झाकेल, नाहीतर दवाखान्याचीच वाट सोडेल.

आम्ही एवढंच ठरवलं: ‘कळलं का’ बंद. त्याऐवजी “घरी बाळाला कसं धराल, दाखवा बघू.” सासूला दिवसातून एकदा आत घ्यायचं, पडद्याला जुनी चादर, आणि कोरकू येणाऱ्या आयाबाईला सोबत उभं करायचं. चाळीस पेशंटमागे दोघी असताना हे रोज जमत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

पुढच्या महिन्यात आणखी एक जण डामा गेलीच. पण परवा सिस्टरचा फोन आला. चादरीआड एक सासूबाई स्वतःच नातवाला छातीशी घेऊन बसल्या होत्या, हात मोकळा नव्हता, म्हणून हिच्याकडे बघून म्हणाल्या, “डा.”

“पाणी मागत होत्या, मॅडम. मला कळलं.”