'स्लीप वॉक': कोणाची आवृत्ती ऐकायची आणि स्टीलवर हात कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा: सहा तारांची लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार) घेतली आहे, 'स्लीप वॉक' ही जुनी अमेरिकन वाद्यधून बसवायची आहे. नेटवर दहा जणांनी वाजवलेलं सापडतं, त्यातलं कोणाचं ऐकून शिकावं? शिवाय कॉर्ड बरोबर धरूनही ते 'तसं' का लागत नाही?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते कळलं की पहिल्याचं आपोआप सुटतं.

या धुनेचं सगळं मर्म एका सुरात आहे. 'सी'ला षड्ज धरा. कॉर्ड चार: सी, ए मायनर, एफ मायनर, जी. लय संथ, प्रत्येक ठोक्याचे तीन भाग, आणि प्रत्येक कॉर्डला दोन मोठे ठोके. १९५० च्या दशकातल्या शेकडो अमेरिकन गाण्यांत हीच साखळी आहे, फक्त तिथे तिसरी कॉर्ड एफ मेजर असते. इथे ती मायनर आहे. त्यामुळे ए मायनरमधला शुद्ध धैवत एफ मायनरमध्ये कोमल होतो आणि जी आली की पंचमावर उतरतो. शुद्ध ध, कोमल ध, प. अर्ध्या अर्ध्या सुराची ही उतरण धुनेच्या पोटात चालते. मधल्या भागातही तेच: एफ, एफ मायनर, सी. पुन्हा शुद्ध ध, कोमल ध, प. साथीला बसणाऱ्या मित्राने सवयीने एफ मेजर धरला की तुम्ही वर कितीही सुरेल वाजवा, धून सपक होते. तेव्हा पहिली तपासणी साथीची करा.

आता तारा. ही धून सी-सिक्स्थ जुळणीत फार सोयीची पडते. खर्जाकडून वर सी, ई, जी, ए, सी, ई. म्हणजे पहिली तार ई, दुसरी सी, तिसरी ए, चौथी जी, पाचवी ई, सहावी सी. नेहमीच्या गिटारच्या तारा चढवून ही जुळणी करायला जाऊ नका. पहिली आहे तिथेच राहते, दुसरी अर्धा सूर आणि तिसरी एक सूर चढते, इथवर ठीक. पण चौथी पाच अर्धसूर, पाचवी सात आणि सहावी आठ अर्धसूर चढवावी लागते. तार तुटेल किंवा घोडीवर भलता ताण येईल. सी-सिक्स्थचा तयार संच घ्या. सुट्या तारा घेणार असाल आणि वाद्याची लांबी साडेबावीस इंच असेल, तर पहिलीपासून ०१५, ०१७, ०२०, ०२४, ०३०, ०३६ (इंचाचे हजारांश) हे माप चालतं. शेवटच्या तीन गुंडाळीच्या. लांबी पंचवीस इंचांच्या आसपास असेल तर प्रत्येक तार एक माप बारीक घ्या.

या जुळणीत बार बाराव्या पडद्यावर ठेवा. चौथी, दुसरी, पहिली या तारा छेडल्या की सी. बार न हलवता तिसरी, दुसरी, पहिली छेडल्या की ए मायनर. त्याच तीन तारा धरून बार आठव्या पडद्यावर आणला की एफ मायनर. सातव्यावर पुन्हा चौथी, दुसरी, पहिली छेडल्या की जी. मधल्या भागात पाचव्यावर याच तारांनी एफ, आठव्यावर एफ मायनर, बाराव्यावर सी: बार पायरी पायरीने वर चढतो आणि आतला धैवत मात्र खाली उतरत असतो. ही उलटी चाल कानाला लागली की मधला भाग पाठ करावा लागत नाही.

हात अडतो तो आठव्यावरून सातव्यावर येताना. आठव्यावर तिसऱ्या तारेवर एफ, दुसरीवर कोमल धैवत आणि पहिलीवर सी वाजत असतो. तिन्ही तारा तशाच वाजत ठेवून बार सातव्यावर ओढला की मिळतात ई, जी, बी, म्हणजे ई मायनर. खाली खर्जात जी वाजत असला तरी पंचमावर उतरल्याची विश्रांती येत नाही, काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. 'कॉर्ड बरोबर, पण तसं लागत नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. उपाय सोपा आहे. बार हलायच्या क्षणी उजव्या हाताने तिसरी तार दाबून गप्प करा. पहिली आणि दुसरी तेवढी घसरू द्या: पहिलीवर सी वरून बी, दुसरीवर कोमल धैवतावरून पंचम. पोहोचल्यावर अंगठ्याने चौथी तार छेडा, तिच्यावर डी मिळतो आणि जी पूर्ण होते. ही एका पडद्याची मींड अर्ध्या लयीत पन्नास वेळा करा, बाकीची धून नंतर. जीचा सातवा सूर, म्हणजे एफ, या जुळणीत सरळ बारखाली येत नाही. तो साथीच्या गिटारवर सोडा, त्यासाठी बार तिरका करण्याची खटपट सुरुवातीला नको.

बारबद्दल दोन गोष्टी. बार पडद्याच्या पट्टीच्या बरोबर वर हवा. बोटाने दाबायच्या गिटारची सवय असलेले तो पट्टीच्या मागे ठेवतात आणि सगळं उतरलेलं वाजतं. डोळा सरळ वरून हवा. बाजूने पाहिलं तर बारा वाटतं तिथे पावणेबारा असतं. आणि बारच्या मागे डाव्या हाताची मोकळी बोटं तारांवर हलकी टेकलेली हवीत, नाहीतर मागचा तुकडाही वाजतो आणि मींडेबरोबर एक खरखर ऐकू येते. आंदोलन सूर लागल्यावर द्यायचं, लागण्याआधी नाही. आधीपासून हलणारा बार बेसूरपणा झाकतो आणि कान बिघडवतो.

आता आवृत्त्या. मूळ ध्वनिमुद्रण सँटो आणि जॉनी फरिना या ब्रुकलिनच्या भावांचं, १९५९ चं. सँटोकडे तीन मानांची फेंडर स्ट्रिंगमास्टर स्टील, पेडल नसलेली; जॉनी साध्या गिटारवर साथीला. सप्टेंबर १९५९ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शिकायचं ते इथूनच. सँटो किती कमी वाजवतो ते ऐका. दोन वाक्यांमधली जागा तो भरत नाही, आधीचा सूर तिथे विरू देतो. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हटलं की व्हॅन शिप्ली किंवा सुनील गांगुली यांनी वाजवलेली चित्रपटगीतं कानात असतात. तिथे गायकीच्या हरकती काढायच्या असल्याने सूर सतत हलता ठेवावा लागतो. तो हात चांगलाच आहे, पण इथे तशा गमका घातल्या की कोमल धैवताची ती एकच जागा गर्दीत हरवते. या धुनेत मींड मोजून वापरावी लागते.

साध्या गिटारवाल्यांची अडचण वेगळी. बार घसरला की सगळ्या तारा एकाच मापाने सरकतात, अख्खी कॉर्ड मींड घेते. बोटाने ताणून एक तार, फार तर दोन सरकतात. म्हणून प्रत्येक आवृत्तीत हाच प्रश्न विचारत ऐकावं: या वादकाने मींडेच्या जागी काय ठेवलं?

व्हेंचर्स या गिटार बँडने ती १९६० च्या 'वॉक, डोंट रन' या तबकडीवर घेतली, शॅडोज बँडने १९६१ च्या आपल्या पहिल्या तबकडीवर. शॅडोजचा हँक मार्विन स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या, तारांचा ताण बदलणाऱ्या दांडीने सूर किंचित खालून उचलतो आणि इकोने त्याची शेपूट लांबवतो. सूर स्वच्छ आणि सुटे सुटे असल्यामुळे धून टिपून घ्यायला त्याचंच ध्वनिमुद्रण सर्वांत सोयीचं.

लॅरी कार्लटनने १९८२ च्या आपल्या तबकडीला हेच नाव दिलं. तो स्टीलची नक्कल करत नाही, बोटाने तार ताणून गायल्यासारखा सूर लावतो. स्टीलवाल्याने त्याच्याकडून घ्यायचं ते आघाताचं माप: कुठला सूर जोरात छेडायचा आणि कुठला आधीच्या सुरातूनच यायला हवा. जेफ बेकने १९८५ च्या 'पोर्कीज रिव्हेंज' चित्रपटासाठी वाजवलेलंही जरूर ऐका. जो सॅट्रियानीचं २००२ चं, रॉबर्ट फ्रिपच्या सोबतीचं ध्वनिमुद्रण ऐकायला छान आहे, पण स्टीलच्या हाताला त्यातून फारसं काही मिळत नाही.

ब्रायन सेट्झर ऑर्केस्ट्राची आवृत्ती १९९८ च्या 'द डर्टी बुगी' या तबकडीवर आहे. तिला ग्रॅमीही मिळालं. सेट्झर ग्रेच गिटारवर कॉर्डसकट धून वाजवतो आणि बिग्स्बीची, म्हणजे तारांचा ताण बदलणाऱ्या यंत्रणेची, दांडी हलवतो. बिग्स्बी सगळ्या तारा एकदम हलवते, पण जाड आणि बारीक तारांचा सूर सारखा उतरत नाही. त्यामुळे कॉर्ड जास्त खाली नेली की आतून फाटते. म्हणून तो ती नुसती थरथरवतो. स्टीलवर तो थरथराट जसाच्या तसा उचलू नका. बारची लांब, संथ झुलणी आणि बिग्स्बीची थरथर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्टीलवर जलद थरथर पडद्याच्या दोन्ही बाजूंना सांडून बेसूर लागते.

पेडल स्टील असेल तर पेडल किंवा गुडघ्याच्या दांडीने एकच तार अर्धा सूर उतरवून बाकीच्या स्थिर ठेवता येतात. सुराला ते अचूक आहे, पण या धुनेत आठव्यावरून सातव्याला येताना बारच वापरा. दोन तारा एकत्र घसरल्याशिवाय तो उसासा येत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा: धून मार्विनकडून टिपा, वाजवायला सँटोबरोबर बसा, आणि पूर्ण बसल्यावर कार्लटन. रोज सुरुवातीला साथ न घेता फक्त दुसरी तार: आठ, सात, थांबा. तो पंचम तानपुऱ्याशी किंवा ट्यूनरशी मिळतो का ते बघा, मग पुढे चला.