लिंबाखालचा मेळा

लेकरा, अनेक आशीर्वाद.

तुमच्या गल्लीतल्या चैत्री पुनवेच्या जत्रेचा व्हिडिओ मिळाला. डीजेच्या भिंतीमागं लिंबाखाली बसलेले आराधी, देवीची गाणी म्हणणारे भक्त, तुला दिसले, हेच मला पुष्कळ झालं. त्यांच्यातलं एक वाद्य माणूस कुरकुरल्यासारखं बोलत होतं, हसू आवरेना, असं लिहिलंस. हसू येऊ दे की!

ते चौंडकं. लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, त्यातून ओवलेली तार. नळकांडं काखेत दाबायचं, एका हातानं तार ताणायची, दुसऱ्यानं छेडायची. ताण दिला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो, म्हणून ते बोलतं. तुणतुण्याची तार खुंटीला बांधलेली, ते बिचारं एकाच सुरावर राहतं. पुढच्या वेळी डोळे मिटून दोन्ही ओळखून दाखव.

आराधी आणि गोंधळी यांची गल्लत करू नकोस. आराधी नवसानं होतो, कुठल्याही घरातला असतो. गोंधळ्याकडं ते घराण्यानं येतं. तुळजापूरच्या भवानीचे गोंधळी ते कदमराई, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. गोंधळाच्या गणात, म्हणजे सुरुवातीच्या आवाहनात, देवांना एकेका गावाच्या नावानं बोलावतात, मग आख्यान, शेवटी आरती. तुझ्या 30 सेकंदांच्या रीलमध्ये निम्मे देवसुद्धा येऊन पोचायचे नाहीत.

तुझ्या वयाचा असताना मीही टेपरेकॉर्डर घेऊन अशाच एका मेळ्यात बसलो होतो. सेल उतरतील या भीतीनं दोन गाण्यांमधलं बोलणं गाळत गेलो. गाणारी बाई पदरानं घाम पुसत, कुठली चाल कुणाकडून घेतली ते सांगत होती, आणि मी नेमकं तेव्हाच बटण दाबत होतो. कॅसेट अजून वाजते. पण बाईचं नाव नाही, गाव नाही. असला कंजूषपणा तू करू नकोस, तुझ्या मोबाइलला काय धाड भरलीय?

विचारायचं ते वाजवणं सुरू व्हायच्या आधी. हलगीवाला जाळावर हलगी शेकत बसतो, कातडं ताणून येईपर्यंत त्याला सवड असते. चहा सांग, नाव-गाव विचार, वाद्य कुणी करून दिलं ते विचार, मोबाइल मग काढ. परडीत पैसे टाकताना चपला बाजूला काढ.

आणि रात्री 10 ला डीजे बंद झाला तेव्हा तू घरी गेलास, हो ना? मेळा रंगतो तो त्यानंतर, बिनमाइकचा. सतरंजी आणि पाण्याची बाटली घेऊन जा, आईला सांगून जा.

व्हिडिओत डावीकडं, कानावर हात ठेवून गाणारी एक म्हातारी आहे. ती चाल माझ्या कॅसेटमधली आहे, मी तीनदा लावून पाहिली. उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत जा आणि तिनं ती कुणाकडून घेतली, एवढं विचारून मला कळव.