रॅम्पवरून मागच्या बाकावर
मॉडेलिंग सोडून नुकत्याच ख्रिस्ती विश्वासात आलेल्या तुम्हाला माझे पहिले सांगणे असे की, साक्ष देण्याची, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो हे चर्चमध्ये सर्वांसमोर सांगण्याची, घाई करू नका. मंडळीला जुन्या फोटोंचे कुतूहल असते आणि नकळत आपण पुन्हा रॅम्पवरच जाऊन उभे राहतो. मी वर्षभर मागच्या बाकावर बसले, तरी गीताला उठताना हनुवटी आपोआप वर जाई आणि नजर कॅमेरा शोधत राही. बायबलचे वाचन मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरू करा. त्याचे १६ अध्याय आहेत, रोज एक पुरे. नंतर जुन्या करारातील १ शमुवेल या पुस्तकाचा १६ वा अध्याय वाचा. तेथे राजा निवडताना परमेश्वर हृदय पाहतो म्हणून धिप्पाड थोरला भाऊ अलियाब मागे राहतो आणि धाकटा दावीद निवडला जातो, हे सगळेच सांगतात. मात्र त्याच अध्यायात दाविदाच्या सुंदर डोळ्यांचाही उल्लेख आहे, तेव्हा आपल्या रूपाची लाज बाळगण्याचे कारण नाही. बाप्तिस्म्याविषयी पाळकांशी निवांत बोला.